बॅकअप आप्पा

लाईट जाण्याला आप्पांचा विरोध नाही. न कळवता जाण्याला आहे.

इंदापूर तालुक्यात जन्म काढलेला माणूस लाईट कायम राहील अशी आशा धरतच नाही. शेतीपंपाला आठ तास थ्री फेज, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. गावठाणाचा फीडर वेगळा आहे खरा, पण वारं सुटलं की डीओ फ्यूज दोन्हीकडचे पडतात. हे सगळं आप्पांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की जाणाऱ्यानं सांगून जावं. माणसांना नाही तर नाही, निदान कॉम्प्युटरला तरी.

हा कॉम्प्युटर कळसमध्ये आप्पांच्या दूध संकलन केंद्रात, फॅट मशीनच्या शेजारी बसतो. सकाळ-संध्याकाळ किटल्या येतात, फॅट आणि एसएनएफ लागतं, लिटर चढतात, पावती निघते. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं, कारण ते फुकट होतं. आप्पांनी ६०० व्हीएचा यूपीएस आणला. लाईट गेली की तो पीं पीं करायचा, आप्पा घाईनं हिशोब सेव्ह करून मशीन बंद करायचे. इतरांचं एवढ्यावर भागतं.

पण आप्पा कुठलीही वस्तू समोरून बघत नाहीत. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीऐवजी मांडवामागच्या जनरेटरपाशी सापडतात. त्यांनी यूपीएस फिरवला आणि पाठीमागे यूएसबीचं भोक दिसलं. ‘हे उगाच दिलं नसंल,’ म्हणाले. तिथून त्यांचं दुधावरचं लक्ष उडालं.

पुतण्यानं फोनवरून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ नावाचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. ते फुकट, आणि यूपीएसशी बोलणं हाच त्याचा धंदा. आप्पांनी वायर जोडली. कॉम्प्युटरनं यूपीएसची ओळख सांगितली: ०६६५:५१६१. आप्पांना स्वतःचा मोबाईल नंबर विचारला तर खिशातून फोन काढून बघतात, हा आकडा मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतील. शिवाय वर ऐकवतील, ‘खोक्यावर नाव कुणाचंबी आसू दे, निम्म्या यूपीएसात बोलणारी चिप हीच!’

ओळख पटली, पण बोलणं होईना. यूपीएसची खबर विचारायची या सॉफ्टवेअरची कमांड आहे ‘यूपीएससी’. आप्पा फोनवर ओरडत होते, ‘आरं, सकाळधरनं यूपीएससी करतोय, काय बी हाती लागंना!’ किटली घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी समजूत घातली, ‘जाऊ द्या आप्पा, ह्या वयात एवढं केलं ते काय कमी हाय?’

शेवटी कळलं, की सॉफ्टवेअर बसवलं तरी त्याच्या पहिल्याच फाईलीत ‘मोड’पुढे ‘नन’ लिहिलेलं असतं. तिथं ‘स्टँडअलोन’ असं आपल्या हातानं लिहीपर्यंत ते जागचं हलत नाही. आप्पांना याचा राग आला नाही. ‘लेखी हुकूम मागतंय, माणूस सरकारी दिसतोय,’ म्हणाले आणि लिहिलं.

तरी अडलंच. ड्रायव्हर चालतो ‘नट’ या नावानं आणि यूएसबीची मालकी ‘रूट’ची. पुतण्या इंग्रजीत परवानग्यांचं काहीबाही सांगत होता. आप्पांनी त्याला मध्येच थांबवलं. ‘म्हंजी सातबारा रूटच्या नावावर, आन कसतोय नट. मंग फेरफार घाल की!’ पुतण्या जरा वेळ गप्प बसला, कारण उत्तर बरोबर होतं. मालकी बदलणारा नियम लिहिला गेला. तरीही चालेना, कारण असा नियम वायर जोडतानाच लागू होतो. आप्पांनी वायर उपसून पुन्हा खोचली आणि यूपीएस बोलायला लागला.

काय बोलतो? कॉम्प्युटर विचारतो ‘क्यू वन’, आणि यूपीएस एका ओळीत उत्तर देतो: लाईनचा व्होल्टेज, लोड, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचा व्होल्टेज आणि शेवटी आठ शून्य-एक. त्या आठांतल्या पहिल्या शून्याचा एक झाला की लाईट गेली. बॅटरी किती टक्के उरली हे तो सांगतच नाही, सॉफ्टवेअर व्होल्टेजवरून अंदाज बांधतं. म्हणून पडद्यावर शंभर टक्के दिसायचे आणि लाईट गेल्यावर दोन मिनिटांत अंधार. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. पण बॅटरी जुनी. आप्पांनी यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी १०० वॉटचा बल्ब लावला, मेन स्विच पाडला आणि व्होल्टेज घसरताना पाहिला. ‘चार्जिंगला असताना समद्याच बॅटऱ्या तरण्या. भार टाकल्याबिगर कळत न्हाय. बॅटरी बी, आन माणूस बी.’ नवी बॅटरी बारामतीहून आली.

मग जाहीर चाचणी झाली. ऐन संध्याकाळच्या दुधाला लाईट गेली आणि सगळ्या आळीतून एकच आवाज उठला, ‘गेली!’ आप्पांची नजर पडद्यावर. काही सेकंदांनी तिथं ओळ उमटली: यूपीएस बॅटरीवर आहे. मावशी म्हणाल्या, ‘हे आमाला आदीच कळलंय की.’ त्यांचं खरं होतं. सॉफ्टवेअर दर पाच सेकंदांनी चौकशी करतं, कळसकर त्याहून चपळ आहेत. पण आप्पा डगमगले नाहीत. ‘रात्री दोनला गेली तर कोण वरडतंय?’

याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

आप्पांचा खरा आवडता विषय मात्र पुढचाच आहे. बॅटरी संपत आली, म्हणून मशीन शहाण्यासारखं बंद व्हायला लागलं, आणि नेमकी तेवढ्यात लाईट आली. मशीनच्या दृष्टीनं वीज तुटलीच नाही, मग ते पुन्हा उठेल कशाला? सकाळी दुधाला लोक हजर आणि मशीन बंद. यावर तोड अशी, की बंद होता होता मशीननंच यूपीएसला सांगायचं: माझी वीज तोड, आणि लाईट असेल तेव्हा परत जोड. मधल्या वेळात लाईट आली असली तरी एकदा तोडायचीच. शिवाय बायॉसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ असं ठरवून ठेवायचं. हे आप्पा पाहुण्यांनाही समजावतात. एकदा मुलगी बघायला आलेल्या मंडळींना सांगत बसले, चहा निवला.

आता सगळं चालतं. लाईट किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी गेली, मशीन कधी निजलं, कधी उठलं, सगळं लॉगमध्ये उतरतं. कुणी म्हणालं, ‘रात्री दहा मिनिटं गेलती,’ तर आप्पा चष्मा लावून खरा आकडा काढतात. वायरमनसुद्धा आता त्यांच्याशी वेळेवरून वाद घालत नाही. परवा संध्याकाळी लाईट गेली, तसे चार वस्त्यांवरून आप्पांना फोन आले. प्रत्येकाला आप्पांनी आधी गेल्याची वेळ सांगितली, सेकंदासकट.

‘ते ऱ्हाऊ द्या, आप्पा. येणार कवा?’

आप्पा क्षणभर थांबले. ‘ते सॉफ्टवेअर आजून निघालं न्हाय.’