फोरमनकाका ऐरण बघतात

जुना माल घ्यायचा तर सोबत फोरमनकाका हवेतच, अशी संभाजीनगरच्या निम्म्या गल्ल्यांची श्रद्धा आहे. चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेला हा माणूस सिडकोत सापडतो, गारखेड्यात सापडतो, बजाजनगरात तर शोधावाही लागत नाही. बाजाराला निघताना त्याच्या खिशात पैसे नसतात. बेअरिंगची एक गोळी असते, सहा इंची पट्टी, खडू, बारकी कानस, टॉर्च. स्वतःसाठी त्याने कित्येक वर्षांत काही विकत घेतलेलं नाही. दुसऱ्याच्या पैशाने नापसंत करण्यात जी मजा आहे, ती घेण्यात कुठली?

मोटारी, लेथ, कूलर यांतही त्याची गती आहे. पण खरा रंग चढतो तो ऐरणीपाशी. तुकोबांनी हिऱ्याची पारख ऐरणीवर केली. ऐरणीची पारख कशी करायची, ते मात्र काकांना विचारावं. सुऱ्या घडवण्याचा नाद लागलेली पोरं हल्ली त्यांना गाठतात. घिसाड्याला मागावी तर तो आपली ऐरण विकत नाही. ओंडक्यात रोवलेला तो लोखंडी ठोकळा म्हणजे त्याचं अख्खं दुकान. मग उरतो जाफर गेटचा रविवारचा बाजार आणि भंगारवाले.

पहिली ‘ऐरण’ निघते ती रुळाचा तुकडा.

“एक नंबर माल है, चाचा.”

काका वीत लावून बघतात. “बावन्न किलोचा रूळ म्हणजे मीटरला ५२ किलो. हा फूटभर, म्हणजे सोळाच्या आतच. घण बसला की लोखंडाआधी हाच उडी मारणार. आणि १९६६ चा कायदा ठाऊक आहे ना? रेल्वेचा माल कुठून आणला ते सांगता आलं नाही, तर सुऱ्या तुरुंगात घडवाव्या लागतील.” दुकानदार तुकडा पायानेच मागे सरकवतो.

दुसरी ताज्या हिरव्या रंगाची, शिंग अगदी सुबक. काका दहा इंचांवरून गोळी सोडतात. पोलादी तोंडाची, पाणी टिकवून असलेली ऐरण गोळीला आठ-नऊ इंच परत फेकते. इथे गोळी जेमतेम उठते आणि लोळत कडेला जाते. “बीडाची आहे,” काका नाक मुरडतात.

“मग जालन्याची बघू का?” पोरगं भाबडेपणाने विचारतं. काका उत्तर देत नाहीत.

तिसरी पोत्यांखाली, तेलकट मळाने माखलेली. काका कुशीवर खडू घासतात, आडवा टॉर्च धरतात, आणि अक्षरं वर येतात: पीटर राइट. इंग्लंडातल्या डडली गावचा हा एकोणिसाव्या शतकातला कारखानदार. खाली तीन आकडे, १, २, १०.

“सन बारासे दस!” दुकानदाराचे डोळे चमकतात. “देवगिरी के यादवों की है, चाचा!”

असा क्षण काकांच्या आयुष्यात क्वचित येतो, म्हणून ते तो सावकाश चघळतात. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याच्या पावाचा, २८ पौंडांचा. तो तीनच्या वर जातच नाही. तिसरा सुटे पौंड. एकशे बारा, छप्पन्न आणि दहा मिळून १७८ पौंड, म्हणजे ८१ किलोला थोडी कमी. मग ते ऐरण दुकानदाराच्याच काट्यावर ठेवायला लावतात. काटा म्हणतो ८४.

“इतकी वर्षं घण खाऊन तीन किलोने सुटलेली ऐरण मी पहिल्यांदाच बघतोय,” काका म्हणतात. भाव तिथेच उतरतो.

इथवर सगळं झकास. पण पुढे काकांचा चेहरा पडू लागतो, कारण खोट सापडत नाही. तोंडावर पट्टी उभी धरून खालून टॉर्च मारला, तर उजेडाची फट नखाएवढीही नाही. कडा क्वचित कुठे टवके गेलेल्या, पण वेल्डिंग भरून सारवासारव केलेली नाही. तसं केलं की त्या जागेचं पाणी उतरतं. आगीत सापडलेल्या ऐरणीचंही उतरतं, म्हणून ते सर्वत्र कानस फिरवतात. कानस घसरत राहते, आणि शिंगाजवळच्या पायरीवर अचानक चावते.

“सापडलं!” आवाजात तारुण्य येतं. लगेच मावळतंही. विलायती ऐरणीची ती पायरी मुद्दाम मऊच ठेवतात, छिन्नीने तोडताना धार मरू नये म्हणून. हे काकांनीच कितीदा तरी लोकांना सांगितलेलं.

उरला आवाज. हातोडीने ठिकठिकाणी ठोकून, तोंडाचा पत्रा सुटल्याचा बद्द नाद कुठे येतो का, ते ऐकायचं. या ऐरणीचा सूर थेट मोंढ्यापर्यंत पोचतो. “नुसत्या आवाजावर जाऊ नये,” काका क्षीणपणे म्हणतात. ते खरंही आहे. अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या फिशर ऐरणी बीडाच्या अंगावर पोलादी तोंड बसवलेल्या. उत्तम असूनही त्या घुम्म्या. अर्धवट जाणकार त्यांना भंगारात काढतो. पण ही काही फिशर नव्हे, आणि पोराने पैसे मोजायला घेतलेत.

“रंग नाही दिलेला,” काका शेवटचं अस्त्र काढतात. कोणी ऐकत नाही.

चौघे मिळून ती रिक्षात चढवतात. मागचं चाक दबतं, रिक्षावाला कपाळाला हात लावतो. काका खाली वाकतात, टायरला अंगठा लावून बघतात, आणि चेहरा पुन्हा उजळतो. “ही कोणत्या सालची, मामू? एकदा इंजिन चालू करा बरं.”