भोंगा

आमच्या घरात सध्या सगळ्यांत शूर कोण असेल, तर आमची आई. वय वर्षं ७४, दोन्ही गुडघे बदलायला झालेले, जिना उतरायचा तर कठडा आणि देवाचं नाव दोन्ही लागतं. पण रात्री साडेअकराला ती विमानातून उडी मारते, पडक्या घरांमधून बंदुका गोळा करते आणि तीन तरण्याबांड पोरांचं नेतृत्व करते. तिला स्वतःला यातलं काही माहीत नाही. चिरंजीवांनी खातं तिच्या नावाने काढलंय, इतकंच.

कारण असं, की २०२३च्या मे महिन्यात बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ बंदीतून सुटून आला तो अटी घेऊनच. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दहावीतल्या पोराला दिवसाला तीन तास खेळू देणं म्हणजे शिस्त, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं! चीनने तर २०२१ मध्ये आठवड्याचेच ३ तास केले: शुक्रवार, शनिवार, रविवार, रात्री आठ ते नऊ. तिथेही पोरांनी आजी-आजोबांची ओळखपत्रं कामाला लावली. आशियातली एकत्र कुटुंबपद्धती मोडली असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

घरातला कायदा मी केला. ‘नऊ म्हणजे नऊ.’ चिरंजीव म्हणाले, “बाबा, ऑनलाइन आहे, पॉज होत नाही.” ही अडचण खरी आहे, हे मला महिन्याभराने कळलं. आमचा हिशेब घड्याळाचा, त्याचा मॅचचा. शंभर जण एका बेटावर उतरतात, निळा झोन आक्रसत येतो आणि अर्ध्या तासाने एकजण किंवा एक टोळी उरते. मध्येच उठलं तर आपले तिघे मरतात. आता ‘ताटं वाढलीत’ आणि ‘तिघे मरतील’ यांत कोण जिंकणार? राउटर रात्री दहाला बंद करून पाहिला. बायकोचा कॉल तुटला, आईची राहिलेली मालिका गोल गोल फिरत बसली आणि चिरंजीव माझ्याच हॉटस्पॉटवर खेळत राहिले. पासवर्ड त्यानेच टाकून दिलेला होता.

अशा हताश अवस्थेत मला मोहित्यांचे वडगाव आठवलं. सांगली जिल्हा, तालुका कडेगाव. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग काय ते बघा. गावाने हे करून दाखवलं. मग आमची ४८ फ्लॅटची, दोन लिफ्टची, सुशिक्षित सोसायटी काय मागे राहील?

वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ यात ठराव मांडला. टाळ्या पडल्या. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. बी विंगच्या एकाला सातला अमेरिकेचा कॉल असतो. आयपीएलचे दोन महिने वगळावेत, असं खजिनदार म्हणाले. एका वहिनींचा मुद्दा बिनतोड होता: सातची मालिका साडेआठला पुन्हा लागत नाही. एक निवृत्त काका चौदा ग्रुपचे ॲडमिन निघाले. दीड तास ते नसले तर तिथे काय काय होईल, याची त्यांनी उदाहरणं दिली. (दोन उदाहरणं सभेतच बसलेली होती.) शेवटी मोठ्या माणसांना ठरावातून वगळलं. दहावी-बारावीची मुलंही वगळली, कारण क्लासच्या नोट्स मोबाइलवरच येतात. म्हणजे ज्याच्यासाठी मी उभा राहिलो होतो तोच पहिला सुटला. मी चिवटपणे म्हटलं, निदान माझ्या मुलाला तरी लागू करा. बाकीच्या तीन आईबापांनी सांगितलं, की आमच्याकडे हा प्रॉब्लेमच नाही. यांची मुलं म्हणजे चिरंजीवांच्या स्क्वॉडमधले उरलेले तिघे. त्यांच्या घरच्या आज्याही बहुधा उत्तम लढत असाव्यात.

तरी भोंगा घ्यायचा, हे एकमताने मंजूर झालं. आमच्याकडे वस्तू घ्यायला कधीच विरोध नसतो. रीतसर तीन कोटेशन्स मागवली. सगळ्यांत स्वस्त नको, संशय येतो. महाग नको, ऑडिटर विचारतो. म्हणून मधला घेतला. तो निघाला वायफायवरचा. वाजवायला मोबाइलमध्ये ॲप लागतं. सेक्रेटरींच्या फोनमध्ये ते उतरेना, कारण पाच वर्षांचे सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि वाफाळते कप यांनी सगळी जागा अडवलेली. पुसा म्हटलं तर मन होईना. अध्यक्ष पुण्याला मुलीकडे गेलेले. वॉचमनचा फोन साधा, बटणांचा. मग सर्वानुमते एक होतकरू मुलगा शोधण्यात आला, ज्याला यातलं सगळं कळतं आणि जो संध्याकाळी घरीच असतो.

त्यामुळे आता सात वाजता त्याच्याकडून मोबाइल काढून घेता येत नाही. सोसायटीचं काम आहे.

परवा मंगळवारी भोंगा सात बावीसला वाजला. सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, “काय रे, उशीर का?”

“झोनमध्ये होतो, काका.”