ओळीतला उमेदवार

न्यू जर्सीतल्या ज्या मराठी माणसाला मंडळाच्या कार्यकारिणीचं राजकारण आता मिळमिळीत वाटू लागलं असेल, त्याने खुशाल राज्याच्या सिनेटला उभं राहावं. (वॉशिंग्टनची सिनेट वेगळी. ही ट्रेंटनची.) जागा चाळीस. एका जागेमागे सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे महाराष्ट्रातल्या आमदारापेक्षाही आटोपशीर संसार. पगार बरीच वर्षं 49,000 डॉलर होता, तो 2026 पासून 82,000 झाला. वाढवला कुणी, हे विचारू नये.

मतदारसंघाची काळजी तुम्ही करायची नाही. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्याची आखणी होते आणि तीत पक्षपात होऊ नये म्हणून चोख व्यवस्था आहे. समितीत दहा जण : पाच डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य अध्यक्षाने नेमलेले, पाच रिपब्लिकन पक्षाच्या. दोघांचं जमलंच नाही तर राज्याचे सरन्यायाधीश अकरावा माणूस देतात. कुठल्याच पक्षात नसलेला मतदार? त्याला जनसुनावणीला येऊ देतात की!

पूर्वी तर याहून मजा होती. काउंट्या एकवीस, सिनेटर एकवीस. नेवार्क शहर पोटात घेतलेल्या एसेक्स काउंटीत 1960 साली नऊ लाखांवर लोक, समुद्रकाठच्या केप मेमध्ये पन्नास हजारसुद्धा नाहीत. दोघींना एकेक सिनेटर. 1964 मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना लिहून द्यावं लागलं, की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे आणि एकरांचे नसतात. तेव्हा कुठे केप मेच्या वाळूचं प्रतिनिधित्व संपलं.

आता मुद्द्याचं. बहुतेक मतदारसंघ कुठल्या ना कुठल्या पक्षाचे बालेकिल्ले आहेत, त्यामुळे खरी लढत जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत. आणि तिथे परवापरवापर्यंत एक वस्तू होती : ‘काउंटी लाइन’. मतपत्रिका घ्या. डावीकडच्या एका रकान्यात वर गव्हर्नरपदाचा उमेदवार (त्या वर्षी असला तर), त्याखाली तुमचा सिनेटर, असे करत पार काउंटीच्या पदांपर्यंत पक्षाच्या काउंटी अध्यक्षाची सगळी लाडकी माणसं एकाखाली एक, घोषवाक्यासकट. बाकीचे उमेदवार मध्ये कोरे चौकोन सोडून पार उजव्या टोकाला. त्या टोकाला तिथले लोक ‘सैबेरिया’ म्हणत. मतदार सुज्ञ असतो, पण घाईत असतो. तो डावीकडून सुरुवात करतो आणि तिथेच संपवतो. एकवीसपैकी एकोणीस काउंट्यांत ही सोय होती. म्हणजे सव्वादोन लाख लोकांची मनं वळवत बसायचं नाही. एका अध्यक्षाचं मन वळवायचं. याला आम्ही तरी काटकसरच म्हणू.

2024 मध्ये अँडी किम नावाच्या खासदाराने ही काटकसर मोडली. वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी त्यांच्यासमोर साक्षात गव्हर्नरांच्या पत्नी होत्या आणि मोठमोठ्या काउंट्यांची ओळ या बाईंना मिळालेली होती. किम कोर्टात गेले. बाईंनी माघार घेतली आणि त्याच आठवड्यात न्यायाधीशांनी ओळीवर मनाई आणली. 2025 मध्ये कायदाही बदलला. आता पदवार चौकोन असतात. अध्यक्ष शिफारस पूर्वीसारखीच करतात, फक्त मतपत्रिकेची शिस्त गेली.

तरी खिसा हलका असलेल्यांनी अगदीच नाउमेद होऊ नये. सिनेटचे अध्यक्ष स्टीफन स्वीनी यांना पाडण्यासाठी 2017 मध्ये शिक्षक संघटनेने लाखो डॉलर ओतले. लढत अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांच्या इतिहासातली सर्वांत खर्चिक ठरली. स्वीनी आरामात आले. 2021 मध्ये त्यांच्यासमोर एडवर्ड डर नावाचा फर्निचर कंपनीचा ट्रकचालक. त्याच्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या हिशेबात 153 डॉलर : त्यात डंकिन या डोनटवाल्यांकडचं खाणं आणि बाकी पत्रकं. डर निवडून आला. (2023 मध्ये पडला, पण तो तपशील आहे.)

एकदा आत गेलात की मग विचारू नका. गव्हर्नरने तुमच्या काउंटीतला न्यायाधीश नेमायचा म्हटलं तर तुम्ही तो अडवू शकता, कारणही न सांगता. हे कुठे लिहिलेलं नाही; शिष्टाचार म्हणून पाळतात. सिनेटरने महापौरही असण्यावर 2008 पासून बंदी आहे, मात्र आधीपासून दोन्ही खुर्च्या अडवून बसलेल्यांना मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूंसारखं संरक्षण मिळालं. आणि नशीब जोरावर असेल तर पूर्वी गव्हर्नरकीही चालून येई. उपगव्हर्नर हे पद 2010 पर्यंत नव्हतंच, त्यामुळे गव्हर्नर गेला की सिनेटचा अध्यक्ष कारभार बघे. गव्हर्नरची खुर्ची अशीच रिकामी असताना जानेवारी 2002 मध्ये सिनेट वीस-वीस अशी दुभंगली, अध्यक्ष दोन झाले, दोघांनी काही दिवस वाटून घेतले. त्यांच्याआधी तासदीड तास अ‍ॅटर्नी जनरलही होते. आठवडाभरात राज्याने पाच गव्हर्नर पाहिले. त्यातल्या अध्यक्षांना मतं दिली होती ती फक्त आपापल्या चाळिसाव्या हिश्शाने.

पुढची सिनेटची निवडणूक 2027 मध्ये. डोनट आत्ताच मागवू नका, शिळे होतील. काउंटी अध्यक्षांचा फोन नंबर मात्र आजच मिळवून ठेवा.