आज्जीची मूठ

शिरोली एमआयडीसीतल्या त्या छोट्या फौंड्रीत वाळूची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक लॅबमध्ये, जिथे एसी आहे आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. दुसरी म्हाताऱ्या हेडमोल्डरच्या मुठीत. तो वाळूचा मुटका दाबतो, मधोमध मोडतो, कडा बघतो आणि म्हणतो, "पाणी जास्त झालंय." लॅबचा आकडा थोड्या वेळाने येतो आणि बहुतेक वेळा त्याचंच म्हणणं खरं करतो.

साच्याच्या वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाणी वाढलं की तापलेला रस ओतताना वाफ होते आणि कास्टिंगला भोकं पडतात. कमी पडलं की साचाच ढासळतो. मालकांच्या आईला, म्हणजे साऱ्या शॉपच्या आज्जीला, हे कधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तरी लॅबची मशीन बघायला तिला नेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाकरीचं पीठ बी असंच की रं. त्याला कुठं एशी लागतोय?"

आज्जीचा जन्म १९२७चा, पलूसचा. तिच्या लहानपणी धान्य मोजायचं ते दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असं. रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. ती संसाराला लागून हे सगळं अंगवळणी पडलं, तोवर १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि चौसष्टाचे शंभर झाले. मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो आला. दुकानदार, सरकार आणि सासू असे तिघेही वेगवेगळ्या मापात बोलायचे. आज्जीने मग तिघांचाही नाद सोडला आणि मूठ धरली. माणशी एक मूठ तांदूळ, आणि वर एक मूठ पातेल्याची. ही पातेल्याची मूठ कशासाठी, असं विचारलं की ती सांगे, "पातेल्याला बी तोंड असतंय."

तिचे यजमान कोल्हापुरात उद्यमनगरात मोल्डर होते. पुढे शिरोलीला स्वतःची शेड झाली. पहिली काही वर्षं फौंड्रीतून चांगल्या मालापेक्षा रिजेक्शन जास्त निघायचं. ओतकामात रिजेक्शनचं एक बरं असतं, तुकडा पुन्हा भट्टीत घालून वितळवता येतो. पण काही तुकडे भट्टीपर्यंत पोचायचेच नाहीत, वाटेत आज्जीचं घर होतं. मग फेटाळलेल्या ब्रेक ड्रमची चूल व्हायची. तडा गेलेली पुली लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून बसायची. एका फ्लायव्हीलवर तर तीस वर्षं तुळस उभी होती. एकदा गिऱ्हाईक कंपनीचा इन्स्पेक्टर जेवायला आला. पाणी घ्यायला उठला तर माठाखाली त्याला स्वतःच नापास केलेलं ब्रॅकेट दिसलं. त्याचा चेहरा बघून आज्जी म्हणाली, "तुमच्यात चालत न्हाई म्हणून वाया घालवायचं व्हय?" साहेब मुकाट्याने पाणी प्याले. माठ, सांगायला हरकत नाही, मुळीच डुगडुगत नव्हता.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीला धड चिकटपणाही नसे. लोक नाक मुरडत असताना आज्जीने त्या पिठात उकडलेलं रताळं कुस्करून घातलं आणि भाकरी थापली. फौंड्रीच्या भाषेत सांगायचं तर वाळूला बेंटोनाइट मिळालं.

मग घरात सून आली. पुण्याची, सदाशिव पेठेतली, आणि ट्रंकेत 'रुचिरा'ची प्रत घेऊन आलेली. इथून पुढची काही वर्षं त्या स्वयंपाकघरात दोन सासवा होत्या, एक चुलीपुढे आणि एक फळीवर. फळीवरच्या सासूबाई म्हणजे 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाच्या लेखिका कमलाबाई ओगले. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. सांगलीच्या ओगल्यांकडे त्या सून म्हणून आल्या आणि सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. १९७० साली किर्लोस्करांनी 'रुचिरा' काढलं आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. त्याचं मोठं कारण म्हणजे कमलाबाईंनी 'अंदाजे' या शब्दाची हकालपट्टी करून तिथे वाटी आणि चमचा आणून ठेवला. नव्या नवरीला आई जवळ नसली तरी वाटी असतेच.

आज्जीला हा सगळा प्रकार म्हणजे घरच्या अधिकारावर आक्रमण वाटला. त्यात सुनेने प्रस्तावनेतून माहिती पुरवली की कमलाबाई मूळच्या कुंडलच्या, १९१३च्या. झालं! कुंडल आणि पलूस शेजारी शेजारी. "कुंडलच्या बाईनं पलूसच्या बाईला शिकवायचं?" आज्जी कडाडली. खरं तर कुंडलने अख्ख्या मुलखाला शिकवलं होतं. कमलाबाई जन्मायच्या तीन वर्षं आधी, १९१०मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना घातला आणि तिथून लोखंडी नांगर निघू लागले. नांगराचा फाळ आणि 'रुचिरा' ही दोन्ही किर्लोस्करांच्याच घरातली पिकं, हे नातवाने दाखवून दिलं, तेव्हा आज्जी क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "नांगर चांगला हुता."

सून मापाची होती, तशी भाषेचीही. आज्जी 'लागंल' म्हणाली की ती हळूच 'लागेल' म्हणायची. आज्जी पुन्हा 'लागंल' म्हणायची. वाटी आणि मूठ यांच्यातही असाच तह झाला होता, म्हणजे झालाच नव्हता.

१९९९ साली कमलाबाई गेल्याची बातमी सुनेने पेपरातून वाचून दाखवली. आज्जी काही बोलली नाही. त्या संध्याकाळी तिने आमटीची डाळ वाटीने मोजून घेतली. सून बघतच राहिली. मग आज्जीने डाळीत वर एक मूठ टाकली.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. गावकरी, कारखानदार, जो तो अडकलेल्यांना जेवण पोचवत होता. ब्याण्णव वर्षांच्या आज्जीने खुर्ची टाकून शेडमध्येच खिचडीचा ताबा घेतला. गॅस संपला. मुलगा सिलिंडर शोधायला गेला आणि परत आला तेव्हा खिचडी शिजत होती, साचे बनवायच्या जुन्या सागवानी पॅटर्नवर. त्यातले निम्मे अजून वापरात होते, हे तो आजही सांगतो, पण जेवताना नाही. तमिळनाडूच्या एका ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, आज्जीला तमिळ. तिने मूठ उचलून त्याला दाखवली. त्याने दोन्ही मुठी उचलल्या. आज्जीने मान डोलावली, वाटाघाटी संपल्या.

इंजिनिअर झालेल्या नातवाने मग ठरवलं की हे ज्ञान शास्त्रशुद्ध नोंदवायला हवं. त्याने लॅबमधला काटा घरी आणला. आज्जीने काट्याकडे बघितलं. "वाळू पूस आधी. कचकच लागंल."

आठवडाभर तांदळाची प्रत्येक मूठ तोलली गेली आणि लॅबच्याच रजिस्टरमध्ये, ओलाव्याच्या आकड्यांच्या बाजूला, लिहिली गेली. मुलाची मूठ ६२ ग्रॅम. सुनेची ५८. डायटवर असलेल्या नातीची ७१. सहा महिने बिल थकवून, तेही जेवणाच्या वेळी आलेल्या एका पाहुण्याची ३९. नातवाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'रिपीटेबिलिटी नाही, उपकरण नापास.' आज्जीला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती मनापासून हसली. "मग घाल भट्टीत," म्हणाली.

२०२२च्या थंडीत आज्जी गेली, पंच्याण्णव वर्षांची होऊन. तेराव्याला आचारी किलोत विचारत होता, "माणसं किती? भात किती?" एमआयडीसीतली रांगच्या रांग येणार होती, आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. आचाऱ्याने पोतं ओतलं. सून पुढे झाली, पोत्यात हात घातला आणि वर एक मूठ टाकली. नातू सवयीने काटा घेऊन आला.

"वाळू पूस आधी," सदाशिव पेठेतली सून म्हणाली. "कचकच लागंल."