खोल पाण्यातले सर

धाराशिवपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. आमच्या सरांना मात्र तो बसस्टँडवरच्या टपरीत दुसऱ्या चहाला लागतो. जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. विषय कुठूनही निघो, सर तळाला.

कुणीतरी कुरकुरलं, "आठशे फूट बोअर पाडलं, नुसता फुफाटा निघाला." बाकीचे हळहळले, सरांचे डोळे लकाकले. "आठशे फूट! समुद्रात तेवढ्या खोलीवर पृष्ठभागाच्या पंचवीस पट दाब. आणि २०२२ साली जपानजवळ ८,३३६ मीटरवर मासा दिसलाय. तिथं आठशे पटींहून जास्त! चेंगरत कसा नाही?"

कारणं बरीच आहेत, पण सरांचं लाडकं एकच : उड्या मारणारे जनुक. डीएनएचे काही तुकडे एका जागी टिकत नाहीत. काही उठून दुसरीकडे जाऊन बसतात, काही जागा न सोडता आपली नक्कल दुसरीकडे धाडतात. "म्हणजे बदली झालेला मास्तर," सर सांगतात, "जुन्या शाळेतही सही, नव्या शाळेतही!"

"मग बिघडत न्हाई का, सर?"

"बिघडतं की! नाहीतर काहीच होत नाही. पण एखादा नेमका जनुकाशेजारी बसतो आणि त्याचं बटण कमीजास्त करतो. त्यानं दाब, थंडी, अंधार सोसायला मदत झाली, तर ती पिल्लं तगतात. पुढं त्यांचीच पिल्लावळ!"

खोल समुद्रातल्या शिंपल्यांच्या डीएनएत असे तुकडे भरमसाट सापडलेत. त्यातला नेमका कुठला कशाच्या कामी आला, हे शोधणं अजून चालू आहे. हे वाक्य सर चहाच्या घोटाबरोबर गिळतात.

या उड्या पहिल्यांदा ओळखल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, १९४०च्या दशकात, मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून. लोकांना पटायला वेळ लागला. नोबेल मिळालं १९८३ साली. सर त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, शेजारच्या वर्गावर असल्यासारखं. बाईंच्या नावानं ते कणसाच्या गाड्यावर एकेक कणीस सोलून ठिपके शोधतात आणि एकही न घेता पुढं सरकतात. सर दिसले, की गाड्यावरच्या मावशी आता टोपली झाकतात.

नवरात्रात तुळजापूरला गेलो, तर गर्दीत सर गायब. सापडले ते एका आराधिणीच्या गळ्यातली कवड्यांची माळ निरखताना. "बाई, या प्रत्येक कवडीत एकेकाळी समुद्रातली गोगलगाय राहत होती. तिच्या डीएनएत—"

"मास्तर," तिनं परडी पुढं केली, "गोगलगाईचं मागनं बघू. आधी जोगवा वाढा."