पूर्वतयारीचे नाना

काही माणसांना प्रवासाची हौस असते, काहींना प्रवासातल्या उलटीची. नाना दुसऱ्यांपैकी. स्वतःला उलटी व्हावी असं त्यांना मुळीच वाटत नाही; पण ती होऊ नये म्हणून जे जे करावं लागतं, त्यात त्यांना जो रस आहे तो पोचण्याच्या गावात कधीच नसतो. महाबळेश्वरला काय काय पाहिलंत, असं विचारा. उत्तर येतं, "पसरणी घाटात काही झालं नाही."

नाना कर्जतचे, उल्हास नदीपलीकडच्या दहिवलीतले. रायगड जिल्हा समुद्रासाठी ओळखला जातो, पण कर्जत आणि खालापूर हे तालुके डोंगराच्या वाट्याला आलेले. आमच्याकडे भरती येते ती शनिवार-रविवारी, फार्महाउसवाल्यांची. समुद्र बघायचा तर अलिबाग, आणि अलिबागला माणूस जाणार तो जिल्हा कचेरीत काम निघालं तरच, एसटीने, पेणमार्गे. नानांना एसटी पेणच्या अलीकडेच लागते. त्यामुळे समुद्र त्यांनी जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडात आवळासुपारी होती.

घाट मात्र त्यांना पोटपाठ. खोपोलीहून जुन्या रस्त्याने खंडाळ्याला निघालं की शिंग्रोबाच्या देवळापाशी येणारे-जाणारे गाडीतूनच नाणं टाकतात. त्या जागी नानांचा एक हात खिशात नाण्यासाठी आणि दुसरा पिशवीसाठी जातो, आणि घाईत देवाला भलतंच काही जाऊ नये म्हणून काकू मध्ये हात धरून बसतात. अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, तेव्हा सगळे इतिहास गेला म्हणून हळहळले. नाना म्हणाले, "डोकं नेमकं चढायचं तिथंच बामची आठवण करून देणारं दुसरं ठिकाण आता दाखवा."

नोकरी रेल्वेत झाली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, ते बँकर. गाडी थांबली की प्रवासी बटाटेवड्याकडे धावायचे आणि नाना मागच्या डब्याकडे. या नोकरीने त्यांना पगार दिला, पेन्शन दिली आणि एक सिद्धांत दिला. "गोळी म्हणजे बँकर," ते सांगतात. "तो कर्जतलाच जोडायचा. मंकी हिलला गाडी अडकल्यावर जोडतो म्हटलंस तर कोण येणार तिथे?" तासभर आधी घ्यायची अ‍ॅव्होमिनची गोळी लोक मळमळायला लागल्यावर गिळतात, आणि तोवर पोटाने खाली काही पाठवायचं थांबवलेलं असतं. हे कुठल्याही डॉक्टरने मला इतकं नीट समजावलेलं नाही. नाना हुशार नाहीत असं कोणीच म्हणत नाही. ते थांबत नाहीत, एवढंच.

तर मुलीने आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुंबई–गोवा क्रूझची तिकिटं काढली आणि शेजारी म्हणून आम्हा दोघांनाही ओढलं. सामान काकूंचं, उपाय नानांचे, उचलायला मी, अशी वाटणी होती.

महिना त्यांनी ठरवला: डिसेंबर. पावसाळ्यात दर्या इतका खवळलेला असतो की गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीसुद्धा बंद ठेवतात. थंडीत तो बराच शहाण्यासारखा वागतो. खोलीही त्यांनीच निवडली. लोक वरच्या मजल्यावरची, बाल्कनीवाली मागतात. नानांनी फोनवर एजंटला सांगितलं, "सगळ्यात खालची, बरोबर मधली." जहाज पुढून-मागून वर-खाली होतं, बाजूंना कलतं, आणि मधोमध व खाली ते सगळ्यात कमी जाणवतं, हे अगदी खरं. एजंटला वाटलं, म्हातारा कंजूष आहे. काकूंना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी खिडकी नसलेली खोली मिळाली.

मग सराव. ओटीवरच्या झोपाळ्यावर उलटं बसून नाना वर्तमानपत्र वाचायचे. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं; ते म्हणतं आपण हलतोय, समोरचा कागद धरून बसलेले डोळे म्हणतात कुठे हलतोय, आणि दोघांची साक्ष जुळेना की शिक्षा पोटाला. ही जुळवाजुळव घरीच करून घ्यावी असा बेत. चौथ्या पानावरचे अग्रलेख वाचताना त्यांना खरोखरच मळमळलं. ते झोपाळ्यामुळे की अग्रलेखामुळे, हे ठरलं नाही. एका रविवारी नेरळहून माथेरानच्या गाडीत बसले. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी इतकी वळणं घेते की डोंगराला स्वतःलाच लागावी. नाना वर पोचले ते थेट परतीचं तिकीट विचारत. माथेरान त्यांनी त्याही वेळी पाहिलं नाही.

गोळीची चाचणी कर्जत–खोपोली लोकलमध्ये झाली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली: वाट छोटी, धोका कमी. या गोळीने झोप येते हे पाकिटावर छापलेलं असतं. नाना केळवलीला झोपले ते खोपोलीला गेले, तिथून कर्जतला आले आणि पुन्हा खोपोलीला पोचले. शेवटी ओळखीच्या एका भाजीवाल्या मावशींनी हलवून विचारलं, "नाना, घरी भांडण झालं का?"

पिशव्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगणातल्या नळाखाली एकेक प्लास्टिकची पिशवी धरून ते तिच्यात पाणी भरत, उजेडाकडे उंच करत आणि तळाकडे रोखून बघत. थेंब पडला की पिशवी बाद. पास झालेल्या पिशव्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या, मग घड्या करून शर्टाच्या, पँटच्या आणि काकूंच्या पर्सच्या खिशात वाटल्या. सोबत आलेपाक, लवंगा, हुंगायला लिंबं, बुडाखाली घ्यायला जुनी वर्तमानपत्रं. मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं खाली, रबरबँडखाली एक शर्टाचं बटण. तिथे दाब दिला की मळमळ थांबते म्हणे. याचा उपयोग होतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, नानांचं आहे. शिवाय अर्धा किलो मनुका. डार्विन बीगल जहाजावर १८३१ पासून १८३६ पर्यंत हिंडला, सबंध सफरीत त्याला बोट लागत होती आणि पोटात टिकायचे ते मनुकेच, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "एवढा मोठा माणूस!" नाना म्हणाले. उत्क्रांतीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

या सगळ्या काळात काकू काही बोलल्या नाहीत. काकूंचं माहेर दाभोळचं. लहानपणी मुंबईला जायचं ते भाऊच्या धक्क्यापर्यंत आगबोटीने. 'रोहिणी' नि 'चंपावती' ही नावं त्या मावसबहिणींची घ्यावीत तशी घेतात. बोट बंदरात लागत नसे, ती आत खोल पाण्यात उभी. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि वर-खाली होणाऱ्या पडावातून शिडी पकडायची, काखेत भाऊ आणि डोक्यावर फणस घेऊन. ज्यांनी हे केलं त्यांना उपाय विचारायचे असतात. पण नानांनी चाळीस वर्षांत काकूंना कधी विचारलं नाही, कारण काकूंना बोट लागत नाही. ज्याला आजार नाही त्याला त्यातलं काय कळणार?

बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर सामान तपासताना मशिनपाशी गाडं अडलं. नानांच्या पिशवीत गवंड्याकडची लेव्हल निघाली. "हे कशाला, काका?" "जहाज किती कलतं ते बघायला." त्या पोरीने साहेबाला बोलावलं. साहेबाने लेव्हल टेबलावर ठेवली, नानांबरोबर बुडबुड्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "टेबल आमचं वाकडं आहे."

आणि मग घात झाला. काही झालंच नाही.

एवढ्या मोठ्या जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं मारून टाकतात. समुद्र तर तेल ओतल्यासारखा. खोलीत लेव्हलचा बुडबुडा जागचा हलेना. नाना तासातासाने जाऊन बघायचे आणि पडेल चेहऱ्याने यायचे. गोळी घेतलेली असल्यामुळे जांभया मात्र येत होत्या. रात्री नऊच्या सुमारास कोणीतरी तोंडावर रुमाल धरून पळालं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मागोमाग गेले. दोन मिनिटांत परत आले. "बोट नाही. बुफे लागलाय."

खरा रोगी सकाळी सापडला. पुण्याकडचा एक मुलगा, आतल्या दालनात सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, ओठ पांढरे. नाना शेजारी बसले, बटण दाखवलं, बँकर, मंकी हिल, डार्विन, सगळं सांगितलं. मुलगा ऐकताऐकता हिरवा पडत चालला. नाना पिशवी उजेडाकडे धरून तिचा तळ दाखवत होते, एवढ्यात काकू आल्या.

"ऊठ रे बाळा. तो फोन खिशात घाल. बाहेर चल."

डेकवर नेऊन त्याला कठड्याशी उभं केलं. "तोंड वाऱ्याला धर. ती लांबची रेघ दिसते ना, तिच्याकडे बघ. आणि बोलू नकोस." मग नानांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा."

पंधरा-वीस मिनिटांनी मुलाच्या गालांवर रंग आला. कोरडं बिस्किट मागून खाल्लं. नंतर तो गोव्यापर्यंत काकूंच्या मागेमागे फिरत होता. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनुक्यांनी काम केलं." मनुके त्याने तोंडातसुद्धा घातले नव्हते, पण मी काही बोललो नाही.

गोवा कसा होता, हे मला विचारा; नानांना विचारू नका. परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आवाज खणखणीत. "अरे, पलंग डोलतोय!" मी धावत गेलो. नाना दाराची चौकट धरून उभे, चेहऱ्यावर सत्यनारायणाच्या पूजेनंतरचं समाधान. जहाजावरून उतरल्यावर काही जणांना जमीन हलल्यासारखी वाटते; शरीराला लाटांची लागलेली सवय सुटायला वेळ लागतो, एवढंच. नाना दोन दिवस स्टेशनवर, वड्याच्या गाडीपाशी, पोस्टात, ज्याच्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहत आणि सांगत, "थांब, आत्ता लागतंय बघ." खोपोलीहून साडू खास बघायला आला.

तिसऱ्या दिवशी डोलणं थांबलं. नाना त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना विचारते झाले, हे आणखी आठवडाभर टिकवायला काही गोळी मिळेल का?