निधी कसा वळवावा : एक अनाहूत सल्ला

प्रति,
सर्व माननीय काउंटी कमिशनर, महापौर आणि गव्हर्नर,
अमेरिका

विषय : ओपिऑइड तडजोडीच्या रकमेचा सुयोग्य विनियोग

महोदय,

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त होऊन मी सध्या लेकीकडे न्यू जर्सीत मुक्कामाला आहे. एका शीर्षाचा निधी दुसरीकडे वळवण्यात आमची हयात गेली. म्हणून आपली प्रगती पाहून ऊर भरून आला.

व्यसन लावणाऱ्या ओपिऑइड वेदनाशामक गोळ्या बनवणाऱ्या, पोचवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या खटले मिटवण्यासाठी आपल्याला मिळून 50 अब्ज डॉलरच्या वर देणार. तीन बड्या वितरकांचे हप्ते तर 18 वर्षं चालणार. आमच्याकडे इतके लांबलचक हप्ते फक्त धरणांच्या नशिबी असतात.

मोठ्या तडजोडींत अट आहे, की किमान 85 टक्के रक्कम व्यसनावरच्या उपायांवरच खर्चावी. घाबरू नका. राज्याने स्वतःहून सक्ती केली नाही, तर जाहीर हिशेब द्यावा लागतो तो उरलेल्या 15 टक्क्यांचा. चिल्लर मोजून दाखवायची, थैली झाकून ठेवायची! असा जीआर आमच्या मंत्रालयालाही सुचला नाही.

आपल्यातल्या होतकरू मंडळींनी वाट दाखवलीच आहे. केंटकीतल्या एका काउंटीने बर्फावर घसरण्याची रिंक केली. न्यू जर्सीतल्या अर्विंग्टनने दोन वर्षांत गाण्याच्या जलशांवर 6 लाख 32 हजार डॉलर खर्चले, त्यात पॉपकॉर्नची यंत्रंही आली. राज्याच्या लेखानियंत्रकाने 2025मध्ये ताशेरे ओढले. टाउनशिप म्हणते, ही तर जनजागृती. त्याच वर्षी खुद्द राज्याने साडेचार कोटी डॉलर बड्या रुग्णालयांकडे वळवले. राज्याच्याच ॲटर्नी जनरलनी हरकत घेतली, ती अर्थातच ऐकून घेण्यात आली.

परंपराही आपल्या बाजूने आहे. 1998मध्ये तंबाखू कंपन्यांशी 46 राज्यांनी अशीच तडजोड केली होती. त्या पैशातला अगदी किरकोळ वाटा तंबाखू सोडवायला गेला. बाकीच्यातला बराच रस्त्यांत, तुटीत आणि इतर कामांत मुरला. तेव्हा कोणाची खुर्ची गेली?

खबरदारी एकच. हा पैसा वाटणाऱ्या समितीवर व्यसनापायी मुलं गमावलेले आईबाप आणि व्यसनातून उठलेली माणसं घेऊ नका. ती भलतेच प्रश्न विचारतात. व्यसन सोडवणारं ब्यूप्रेनॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर आपल्या गावात का नाही? तशाच मेथाडोन या औषधासाठी वारंवार क्लिनिकला जायचं, तर बस कुठाय? तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत जिवावरचे, मग औषध आतच का सुरू करत नाही? यातल्या कशाचीही फीत कापता येत नाही, कोनशिला बसत नाही. ओव्हरडोस उतरवणाऱ्या नालोक्सोनच्या फवाऱ्याने वाचलेला माणूस तर आपल्या सभेत टाळ्याही वाजवायला येत नाही; तो घरी जाऊन जेवतो.

आमच्याकडे अशा पैशाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात. ते खाणाऱ्याला आम्ही नावं ठेवतो आणि पुढच्या खेपेला निवडूनही देतो. तेव्हा निर्धास्त असा. फक्त शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत बैठकीची तारीख कुठल्याही आईला कळू देऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी